इंग्रज उमरावांची चांदी : वजन, शिक्का आणि घराणे

सभ्य श्रोतेहो,

इंग्लंडच्या जुन्या चेशर परगण्यात डनम मॅसी नावाचा एक मोठा वाडा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचा धनी होता वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल, जॉर्ज बूथ. १६९४ मध्ये वडील वारले तेव्हा या गृहस्थाच्या वाट्याला पदवी आली, जमीन आली आणि त्यांच्या जोडीला डोंगराएवढे कर्ज आले. १७०२ मध्ये त्याने लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. तिच्या हुंड्याने कर्जाचा भार हलका झाला, पण नवराबायकोचे असे बिनसले की दोघे एकाच छपराखाली परक्यासारखे राहू लागले, आणि स्वभाव न जुळणे हे घटस्फोटाला पुरेसे कारण मानले पाहिजे अशा आशयाची एक पुस्तिका अर्लसाहेबांनी १७३९ मध्ये निनावी छापून टाकली. चांदीशी मात्र त्याचे आयुष्यभर जुळले. १७५० मध्ये त्याने आपल्याजवळच्या सगळ्या चांदीची यादी केली आणि तिला ‘माझ्या चांदीचा व तिच्या वजनाचा तपशील’ अशा अर्थाचे नाव दिले. ताटल्या, झाकणाची पात्रे, मेणबत्त्यांची घरे, चहाच्या किटल्या, खाजगी प्रार्थनामंदिरातील उपकरणे, इतकेच काय, निजण्याच्या खोलीत पलंगाखाली ठेवायची भांडीसुद्धा चांदीची होती आणि त्यांचेही वजन नोंदलेले आहे. सगळ्यांची बेरीज पंचवीस हजार ट्रॉय औंसांच्या पुढे जाते. एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबाने पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी. म्हणजे एका घरात पाऊण टनाहून अधिक चांदी होती.

मी या यादीपासून सुरुवात करतो याचे कारण तिच्या नावातच वजन आहे. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात काचेच्या कपाटापुढे उभे राहून आपण अशी भांडी पाहतो तेव्हा आपले लक्ष नक्षीकडे जाते, घडवणाऱ्याच्या नावाकडे जाते, आणि नकळत आपण त्यांना चित्रांच्या किंवा शिल्पांच्या रांगेत बसवतो. ज्यांनी ती भांडी घेतली, वापरली आणि वारसांना दिली, त्या उमरावांच्या लेखी मात्र त्यांचे पहिले मोल धातूचे होते. कारागिरी त्यावर चढलेली होती, आणि अडचणीच्या दिवशी ती उतरवून ठेवता येत असे. आज जे काही उरले आहे ते या हिशेबातून वाचलेले आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय इंग्रज चांदीचा इतिहास नीट उलगडत नाही.

ही चांदी नव्हे, तर नाणेच होते असे म्हणण्याला भक्कम आधार आहे. इंग्लंडमध्ये भांड्यांसाठी ठरवलेला कस आणि नाण्यांसाठी ठरवलेला कस शतकानुशतके एकच होता : हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले हीण, बहुधा तांबे. यालाच स्टर्लिंग म्हणतात. टांकसाळीचा भाव औंसाला ५ शिलिंग २ पेन्स (बारा पेन्सांचा एक शिलिंग) असा ठरलेला होता. त्यामुळे शिलिंगांची पिशवी सोनाराकडे नेऊन तिची सुरई घडवता येई, आणि वेळ पडली तर सुरई टांकसाळीत नेऊन तिचे शिलिंग पाडता येत. या येण्याजाण्यात बुडत असे ती फक्त घडणावळ. बँका नव्हत्या किंवा असूनही त्यांवर विश्वास बसलेला नव्हता, त्या काळात श्रीमंताने आपली शिल्लक कपाटात मांडून ठेवावी, पाहुण्यांनी ती पाहावी आणि संकटात ती मोडावी, यात विसंगत असे काही नव्हते. आपल्याकडे घरातली बाई जुन्या पाटल्या मोड म्हणून देऊन नव्या घडवते, तेव्हा जुन्या पाटल्यांची घडण कितीही सुबक असली तरी सोनार फक्त वजन धरतो. लंडनच्या सोनारपेठेत ड्यूक आणि अर्ल यांचा व्यवहार याच रीतीने चाले. पेढ्यांच्या खातेवह्यांत नव्या भांड्यांच्या रकमेतून जुन्या चांदीचे मोल वजा केलेले वारंवार आढळते.

धातू हाच पैसा असल्यामुळे राज्यसत्तेचे त्यावर लक्ष असणे ओघानेच आले. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने असे ठरवले की, कस तपासून बिबळ्याच्या मुखाची खूण उमटवल्याशिवाय चांदीचे भांडे कारागिराच्या हातून बाहेर पडू नये. १३६३ पासून प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण ठेवणे बंधनकारक झाले. १४७८ मध्ये लंडनच्या सोनारांच्या संघाने तपासणीचे काम आपल्या सभागृहात आणले आणि दर वर्षी बदलणारे अक्षर उमटवायला सुरुवात केली. हेतू ग्राहकाचा किंवा इतिहासकाराचा नव्हता. एखाद्या भांड्याचा कस कमी निघाला तर त्या वर्षी तपासणीस कोण होता हे सापडावे, एवढ्यासाठी ती योजना होती. पण त्या सावधगिरीचा फायदा असा झाला की पाचशे वर्षांपूर्वीच्या चमच्याचे वर्ष आज आपण नेमके सांगू शकतो, जे युरोपातील फारच थोड्या देशांच्या चांदीबद्दल सांगता येते. १५४४ मध्ये चालत्या सिंहाची खूण आली, आणि ती आजही इंग्लंडमध्ये स्टर्लिंगची खूण आहे.

नाणे आणि भांडे यांच्या नात्याचा सर्वांत मोठा प्रसंग सतराव्या शतकाच्या अखेरीस घडला. नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी सोनारांना विकण्याचा धंदा इतका बोकाळला होता की १६९६ मध्ये सरकारला साऱ्या देशाची नाणी नव्याने पाडावी लागली. नवी, कोरी नाणी पुन्हा सुरयांत आणि ताटल्यांत नाहीशी होऊ नयेत म्हणून १६९७ मध्ये भांड्यांचा कस मुद्दाम नाण्यांपेक्षा वर नेण्यात आला, हजारात ९५८च्या थोडा पुढे. सिंह आणि बिबळ्या यांच्या जागी बसलेल्या ब्रिटानियाची आकृती व सिंहाचे तोडलेले मस्तक या खुणा आल्या. आता शिलिंग वितळवून थेट भांडे करता येईना. १७२०च्या जूनमध्ये जुना कस परत आला, पण त्याबरोबर औंसामागे सहा पेन्स कर आला. धातूचा भाव पाच शिलिंग असताना सहा पेन्स म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा, आणि जिथे दहावा हिस्सा वाचतो तिथे माणसाची बुद्धी तल्लख होते. काही कारागीर एखादे लहानसे भांडे तपासणीला पाठवत, त्याचा थोडासा कर भरत, आणि मग त्यावरचा शिक्क्याचा तुकडा कापून मोठ्या, जड भांड्याच्या बुडाशी बेमालूम जोडून देत. अशा भांड्यांवर फुंकर मारून वाफ धरली की जोडाची रेघ दिसते. पुढे, १७५८च्या सुमारास, खोट्या खुणा उमटवण्याला मृत्युदंडाची शिक्षा ठेवली गेली, आणि १७८४ पासून १८९० पर्यंत कर भरल्याची पावती म्हणून राजाचा किंवा राणीचा मुखवटाच भांड्यावर उमटू लागला.

कर चुकवणाऱ्यांत ज्याचे नाव येते तो पॉल द लामेरी हा इंग्रज चांदीतला सर्वांत मोठा कारागीर मानला जातो, ही गोष्ट मला नेहमी गंमतीची वाटते. त्याचा जन्म १६८८चा, हॉलंडमधला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर जी कुटुंबे देशोधडीला लागली, त्यांपैकी हे एक कुटुंब. लहानपणीच तो लंडनला आला, पिएर प्लातेल या दुसऱ्या निर्वासित सोनाराकडे शिकला आणि १७१३ मध्ये स्वतंत्र झाला. या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कारागिरांना स्थानिक सोनारांचा कडवा विरोध होता. ते कमी मजुरीत काम करतात, अशी तक्रार होती. ते अधिक चांगले काम करतात, हे तक्रारीत लिहायचे राहून जात असे. जाड पत्रा, ओतीव अलंकरण, कापून बसवलेल्या पट्ट्या आणि घोटीव रिकाम्या जागा यांच्या मेळाने त्यांनी इंग्रज भांड्यांचे रूप पालटले. वॉरिंग्टनच्या अर्लला हेच कारागीर आवडत, पण त्यांची साधी, जड, अलंकार नसलेली भांडी. त्यात अभिरुची होती आणि हिशेबही होता : नक्षी कमी म्हणजे घडणावळ कमी, आणि दिलेल्या पैशातला मोठा वाटा धातूच्या रूपाने घरातच राहणार. या माणसाला मी कंजूष म्हणणार नाही. कर्जात बुडालेल्या घराण्याचा तो वारस होता, आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय विकता येईल, हे त्याने मोजून ठेवले होते.

आता उरले किती, याचा विचार करू. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले तेव्हा दोन्ही पक्षांनी चांदी मागितली. लंडनकरांनी पार्लमेंटच्या हाकेला ओ देऊन पेल्यांपासून अंगुस्तान्यांपर्यंत सारे आणून टाकले. पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्डला टांकसाळ बसवली आणि तेथील महाविद्यालयांनी शतकानुशतके जमवलेली चांदी तिच्यात गेली. कॉर्पस क्रिस्टी या एका महाविद्यालयाने आपली जुनी भांडी राखली, म्हणून आज मध्ययुगाच्या अखेरीच्या चांदीचा अभ्यास करणाऱ्याला तिथे जावेच लागते. उमरावांच्या घरांतही हेच झाले. पण युद्धापेक्षा मोठा संहार फॅशनने केला असे माझे मत आहे. युद्ध एकदा येऊन जाते. दर तीस वर्षांनी सून नवी येते, तिला सासूची भांडी जुनाट वाटतात, आणि गाडी सोनाराकडे जाते. मीठ ठेवण्याची ती उंच, मनोऱ्यासारखी भांडी, ज्यांच्या वरच्या बाजूला मानकरी आणि खालच्या बाजूला इतर जन बसत, ती जेवणाची पद्धत बदलताच निरुपयोगी ठरली आणि बहुतेक आटवली गेली. जी उरली ती महाविद्यालयांत, चर्चमध्ये आणि कारागीरसंघांच्या सभागृहांत, म्हणजे जिथे सुना येत नाहीत तिथे.

काटा हा त्या मानाने नवखा. इंग्लंडमध्ये घडलेला चांदीचा सर्वांत जुना ज्ञात जेवणाचा काटा १६३२चा आहे, आणि त्यावर मॅनर्स या उमराव घराण्याची खूण कोरलेली आहे. तोपर्यंत मोठी माणसेही सुरी, चमचा आणि बोटे यांवर भागवत. चहाचे भांडे त्याहून अलीकडचे. १६७० साली लॉर्ड बर्कली याने ईस्ट इंडिया कंपनीच्या समितीला भेट दिलेली चांदीची चहादाणी आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. ती उंच, निमुळती आणि कॉफीच्या सुरईसारखी दिसते; तिच्या अंगावर आपण चहादाणी असल्याचे कोरून ठेवले नसते तर कोणाला कळलेही नसते, कारण चहासाठी कोणता घाट योग्य हे अजून ठरायचे होते. चहाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज राणी कॅथरीन हिच्यामुळे, जिच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले. आणखी एक धागा आपल्याकडे येतो. कंपनीला हिंदुस्थानात माल खरेदीसाठी मुख्यतः चांदीच द्यावी लागे. ती बहुतांशी स्पेनच्या अमेरिकेतील खाणींतून आलेली असे. एकाच खाणीच्या चांदीचा एक भाग सुरतेच्या टांकसाळीत रुपया झाला असेल आणि दुसरा एखाद्या लॉर्डच्या मेजावर मिरपूडदाणी, ही कल्पना मला अशक्य वाटत नाही.

उमरावाने चांदी कशी मिळवावी याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे ती सरकारकडून घेणे. परदेशी वकील म्हणून जाणाऱ्याला राजाच्या जामदारखान्यातून भांडी मिळत. पूर्ण दर्जाच्या राजदूताचा वाटा ठरलेला होता : ५,८९३ औंस साधी चांदी आणि १,०६६ औंस सोन्याचा मुलामा दिलेली. त्यावर राजचिन्ह कोरलेले असे, कारण परक्या दरबारात त्या मेजावर जेवू घालणारा राजाच होता. कागदोपत्री ही भांडी उसनी होती आणि परत आल्यावर जमा करायची होती. प्रत्यक्षात राजाकडून माफीपत्र मिळवून ती घरी ठेवण्याचा प्रघात पडला. चेस्टरफील्डचा अर्ल १७२७-२८च्या सुमारास हेगला गेला तेव्हाच्या त्याच्या चांदीतील मद्याच्या बाटल्या गार ठेवण्याची पात्रे आजही दिसतात. लॉर्ड रेबी प्रशियाच्या दरबारी गेला तेव्हा, १७०५-०६ मध्ये, फिलिप रोलोस याने घडवलेले त्याचे मद्यकुंड सत्तर किलोहून अधिक वजनाचे आहे. त्यात बर्फ आणि पाणी घालून बाटल्या ठेवत. ते आता लीड्सजवळच्या टेंपल न्यूसम या वाड्यात सार्वजनिक मालकीचे आहे. १७८२ मध्ये पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याच्या सुधारणांनी जामदारखान्याचे हे खातेच बंद झाले, तेव्हा कित्येक घराण्यांचा एक वडिलोपार्जित उत्पन्नाचा झरा आटला.

अशा कुंडांचा विषय निघाला म्हणून चार्ल्स कँडलरने १७३४-३५ मध्ये पूर्ण केलेल्या कुंडाविषयी सांगितले पाहिजे. हेन्री जर्निंगम या सोनार-सावकाराने ते काढले होते, वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास, कडेला मदिरेच्या देवाचे सेवक आणि खाली साखळीने बांधलेले बिबटे. एवढे भांडे घ्यायला एकही उमराव पुढे आला नाही. अखेर १७३७ मध्ये ते वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठी काढलेल्या सोडतीत बक्षीस म्हणून गेले, आणि काही वर्षांतच रशियाच्या राजवाड्यात पोहोचले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये राहिले असते तर ते आटले असते, याबद्दल मला फारशी शंका नाही; एवढ्या चांदीचा मोह पुढच्या तीन-चार पिढ्यांपैकी कोणा ना कोणाला झालाच असता.

भांड्याच्या बुडाशी राज्याचे शिक्के असतात, तर पोटावर घराण्याचे चिन्ह. ढाल, तिच्यावरचे शिरचिन्ह, बोधवाक्य, आणि वर पदवीनुसार मुकुट. ड्यूकच्या मुकुटावर स्ट्रॉबेरीची पाने, अर्लच्या मुकुटावर उंच टोकांवर मोती आणि मध्ये पाने, बॅरनच्या मुकुटावर नुसते मोती. विधवेची ढाल चौकटच्या आकाराची. विवाह झाला की ढाल उभी दुभागून दुसऱ्या बाजूला पत्नीच्या माहेरचे चिन्ह येते, त्यामुळे वर्षाचे अक्षर आणि ही जोडढाल यांवरून भांडे कोणत्या लग्नाच्या निमित्ताने घेतले हे पुष्कळदा ठरवता येते. भांडे दुसऱ्या घराण्यात विकले गेले की नवा मालक जुने चिन्ह घासून काढून आपले कोरून घेई. तशा जागी पत्रा पातळ होतो. अंगठ्याने दाबला तर किंचित लवतो. जाणकार खरेदीदार नक्षी पाहण्याआधी ही जागा दाबून पाहतो.

याशिवाय बुडावर, बहुधा ओबडधोबड हाताने ओरखडलेले, आकडे आढळतात : क्रमांक ४, आणि पुढे २३–१०. म्हणजे संचातील चौथी ताटली, वजन २३ औंस १० पेनीवेट (पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग). कोठीच्या कारभाऱ्याने हिशेबासाठी केलेली ही खूण आहे. नोकर बदलले की भांडी मोजून आणि तोलून ताब्यात दिली जात. मोठ्या घरांत भांडाराच्या लगतच्या खोलीत बटलर किंवा त्याचा हाताखालचा माणूस रात्री निजत असे, कारण त्या एका खोलीत साऱ्या नोकरांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी चांदी असे. रोजच्या घासण्याने वजन उतरते, शिक्के पुसट होतात. म्हणून आज ओरखडलेले वजन आणि तराजूचे वजन यांत थोडा फरक आला तर तो अपेक्षितच असतो. फरक मोठा निघाला तर भांड्याला काही तरी झालेले आहे, हे समजावे : चिन्ह खरवडले असेल, तोटी बदलली असेल, किंवा साध्या पेल्याला कोणी पुढच्या शतकात चोच आणि फुले लावली असतील.

या सगळ्या खुणा एकत्र पाहायच्या असतील तर आयर्लंडच्या किल्डेअरच्या अर्लचा संच पाहावा, जो तो पुढे लेन्स्टरचा पहिला ड्यूक झाल्यामुळे लेन्स्टर संच म्हणून ओळखला जातो. लंडनच्या जॉर्ज विकस याने तो १७४५ ते १७४७ या काळात पुरवला. त्याच्या पेढीच्या खातेवह्या टिकल्या आहेत, त्यामुळे किंमत कळते : चार हजार पौंडांच्या वर. अडीचशेच्या घरात नग, अर्लच्या फिट्झजेरल्ड घराण्याचे चिन्ह असलेले माकड जागोजागी, आणि १७४७ मध्ये रिचमंडच्या ड्यूकच्या कन्येशी झालेले लग्न. हे सारे एका वेळी मेजावर मांडत, कारण तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत पदार्थ एकामागून एक वाढले जात नसत. एका फेरीचे सगळे पदार्थ झाकणाच्या पात्रांतून सममितीने मांडलेले असत आणि प्रत्येकाने हाताशी येईल ते घ्यायचे. त्या मांडणीसाठीच एवढ्या पात्रांची गरज होती. एकोणिसाव्या शतकात नोकराने मागून वाढण्याची रशियन पद्धत रुळली, आणि मेजाचा मधला भाग मोकळा झाला. मग तिथे दीपवृक्ष, फळांचे स्तंभ आणि शिल्पसमूह आले. हा संच मात्र वितळला नाही, आणि २०१२ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

आपल्या भूमीशी थेट जोडलेला एक संच लंडनच्या अ‍ॅप्सली हाऊसमध्ये आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. लढाई जिंकली, पण त्याच्या सैन्याची हानी अतिशय मोठी होती. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला दोन हजार गिनींचे सोन्याचे पात्र द्यायचे ठरवले. नंतर त्याऐवजी भोजनाच्या चांदीचा संच देण्यात आला. लंडनमध्ये घडलेल्या, मुलामा दिलेल्या या संचाला दख्खन संच म्हणतात, आणि त्यावर असईचे नाव आहे. तेव्हा वेलस्ली हा एका आयरिश उमराव घराण्याचा धाकटा मुलगा होता, वडिलार्जित चांदीवर हक्क नसलेला. धाकट्या मुलाला चांदी मिळवावी लागते, आणि त्याने ती आपल्या मुलखात मिळवली. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१६ मध्ये पोर्तुगालने त्याला सुमारे हजार नगांचा संच दिला, ज्याच्या मध्यभागाची शिल्पपट्टीच आठ मीटर लांब आहे. अ‍ॅप्सली हाऊस पाहणारे त्या पोर्तुगीज संचापुढे थांबतात. मराठी माणसाने मात्र आधी दख्खन संच शोधावा. त्या लढाईत मराठ्यांच्या तोफांनी किती माणसे लोळवली, याचा उल्लेख त्या मुलाम्यावर कुठे नाही.

या साऱ्या डौलाचा पाया खचायला दोन वेगळ्या बाजूंनी सुरुवात झाली. एक बाजू कारखान्यांची. १७४३च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करून लाटण्याची युक्ती काढली, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. डॉक्टर आणि वकील यांच्या मेजांवर चांदीसारखे दिसणारे काहीतरी आले. त्याआधी खऱ्या चांदीतही मध्यमवर्गासाठी हलके, सुबक काम करणारे होतेच. १७६१ मध्ये विधवा हेस्टर बेटमनने स्वतःच्या नावाची खूण नोंदवली आणि तिच्या कुटुंबाने पातळ पत्र्याची, काठांवर मण्यांची नाजूक भांडी मोठ्या प्रमाणावर विकली. दुसरी बाजू शेतीची. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य आले, खंड घसरले, आणि जमिनीवर जगणाऱ्या घराण्यांकडे विकण्यासारखे उरले ते वाड्यातले. वारसाहक्काच्या कागदांनी बांधलेल्या वस्तू विकता येत नसत; १८८२च्या कायद्याने न्यायालयाच्या परवानगीने ती वाट मोकळी झाली. १८९४ मध्ये मृत्यूनंतर द्यावा लागणारा संपत्तिकर आला.  डनम मॅसीची चांदी अर्लच्या एकुलत्या एक मुलीच्या सासरी, स्टॅमफर्डच्या अर्लांकडे गेली होती. तिच्यातला मोठा भाग १९२१ मध्ये क्रिस्टीजमध्ये विकला गेला. अशा लिलावांत अमेरिकेचे धनिक मोठ्या संख्येने होते, आणि अनेक ड्यूकांचे मुकुट कोरलेली पात्रे आज अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत. वाडा आणि उरलेली चांदी शेवटच्या अर्लने १९७६ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिली.

पण ज्या भट्टीबद्दल मी मघापासून बोलत आहे ती तेव्हाही विझलेली नव्हती. १९७९च्या अखेरीस टेक्ससच्या हंट बंधूंच्या सट्ट्याने चांदीचा भाव चढत गेला आणि जानेवारी १९८० मध्ये तो औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचला. एका वर्षापूर्वी तो सहा डॉलरच्या आसपास होता. लामेरीच्या किंवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा नामांकित कारागीर पॉल स्टॉर याच्या कामाला हात लावायचे कारण नव्हते, कारण त्यांची किंमत धातूच्या कितीतरी पट होती. साधे चमचे, काटे, परडीच्या आकाराची पात्रे, एकोणिसाव्या शतकातली ताटली, ज्यांवर कोणा विसरलेल्या बॅरनेटचे शिरचिन्ह असेल पण कारागीर नामांकित नसेल, अशा नगांची प्राचीन वस्तू म्हणून येणारी किंमत धातूच्या भावाखाली गेली. व्यापाऱ्यांनी ते तराजूवर टाकले. मार्चअखेर भाव कोसळला, तोवर पुष्कळशी चांदी गाळणीच्या कारखान्यांतून विटांच्या रूपाने बाहेर पडली होती.